हललेल्या काकू

फोटोकाकांच्या घरात फोटोच मिळत नाही, असं कुणी सांगितलं असतं तर सगळी गल्ली हसली असती. पण काकू जाऊन महिना झाला, लेकीने भिंतीवर लावायला आईचा फोटो मागितला आणि काका पेचात पडले. कपाटातली सगळी खोकी उपसली, तरी काकूंचा एक धड फोटो निघेना.

काकांचा धंदा ओळखपत्रांच्या फोटोंचा. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला "हलू नका" म्हणून दटावण्यात त्यांचा जन्म गेला. सुट्टीच्या दिवशी मात्र ते कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरत. वाहती गर्दी आणि मधोमध एकच माणूस स्तब्ध, असा फोटो त्यांना काढायचा होता. उभं राहायला हक्काचं माणूस म्हणजे काकू, आणि नेमकं तेच त्यांना कधी जमलं नाही. कुणाच्या पिशवीतून बटाटा घरंगळला की त्या धावल्या, कुणाचं पोर रडलं की त्या वळल्या. काका रीळ वाया गेलं म्हणून करवादत. "अहो, मग खांबाशीच लग्न करायचं होतंत," असं म्हणून काकू मोकळ्या होत.

शेवटी त्यातल्या त्यात बरा एक सापडला. बसथांब्यावर ताटकळलेली रांग, सगळे चेहरे लख्ख, आणि कुणाची तरी विसरलेली छत्री द्यायला धावणाऱ्या काकू. म्हणजे नुसता एक करडा फराटा आणि त्यातून पुढे आलेला हात. काका तो फ्रेमवाल्याकडे देऊन आले.

संध्याकाळी फ्रेमवाला भलताच खुशीत होता. काकांनी फ्रेम हातात घेतली. रांग होती, थांबा होता, छत्री विसरलेला गृहस्थही होता. काकू नव्हत्या.

"मधे मोठा डाग पडला होता काका, साफ करून टाकला."

"ती माझी बायको होती."

बिचाऱ्याला कुठे तोंड लपवावं कळेना. त्याने घाईघाईने संगणकावर तयार चेहरे दाखवायला सुरुवात केली, हवा तो जोडून देतो म्हणाला. सगळ्या बायका मान ताठ ठेवून गोड हसत होत्या. काकांनी त्या एकेक करून पाहिल्या आणि नकारार्थी मान हलवली.

"इतकी स्थिर ती एकदाच राहिली, शेवटची," ते म्हणाले. "तुम्ही माझा मूळ फोटोच लावून द्या."

फ्रेम भिंतीवर लागली. लेक बराच वेळ बघत राहिली. चेहरा नव्हताच, पण तो हात तिने ओळखला. मग तिने काकांना फ्रेमशेजारी उभं केलं आणि मोबाइल वर धरला.

"बाबा, हलू नका हं."

काका ताठ उभे राहिले. पण ते शब्द कानावर पडले आणि त्यांचे खांदे हलायला लागले, ते थांबेचनात. फोटोत भिंत लख्ख आली, फ्रेम लख्ख आली, आणि शेजारी काकांचा नुसता फराटा.

"परत काढू?" लेकीने डोळे पुसत विचारलं.

"नको, राहू दे," काका म्हणाले. "जोडीने पहिल्यांदाच आलोय."