मार्थाआक्कांच्या सूचना

मार्थाआक्कांनी आयुष्यात एकदाही उपदेश केला नाही. त्या फक्त सूचना देत.

हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या ख्रिस्ती मंडळीत बाईने उपदेश करायचा नाही असा नियम होता, आणि आक्का नियम मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. चाकूरपासून दोन कोसांवर आमचं गाव. खालच्या अंगाला पत्र्याचं चर्च, आत चटया, पुढे वीतभर उंचीचा ओटा. महिन्यातल्या एका रविवारी लातूरहून पाळकसाहेब एस.टी.ने येत आणि ओट्यावर उभे राहून लिहून आणलेला उपदेश वाचत. माणूस सज्जन, पण त्यांचा आवाज असा एकसुरी की चर्चबाहेरची कुत्रीसुद्धा सावलीला येऊन झोपत. वाचून झालं की ते घड्याळाकडे बघत म्हणत, “आता महिला मंडळाच्या सूचना.”

आक्का उठत. चटयांवरची माणसं मांड्या बदलून ताठ बसत.

“पहिली सूचना. बुधवारी बायकांची सभा हाय. कुठं? सुलाबाईच्या अंगणात. सुलाबाईच्याच अंगणात का? तर सुलाबाईचं अन् तिच्या सुनेचं बोलणं बंद हाय. घर एक, चुली दोन. आता मला सांगा, प्रभू दारात आले, तर त्यांनी कुण्या चुलीपाशी बसायचं?”

तिथून सूचना जी निघायची, ती पाहुण्याच्या पाय धुण्यावरून क्षमेवर, क्षमेवरून वधस्तंभावर जायची आणि परत सुलाबाईच्या अंगणात यायची. तोवर सुलाबाई पदराने डोळे पुसत असे आणि सून तिच्याकडे सरकलेली असे. मग आक्का श्वास घेऊन म्हणत, “दुसरी सूचना. येताना आपापला पेला आणावा.” आणि खाली बसत.

पहिल्या सूचनेला पाऊण तास सहज जाई. पाळकसाहेबांची बस कितीदा चुकली असेल, देव जाणे. शेवटी आक्काच म्हणत, “साहेब, तुमी निघा. मी सूचना उरकते.”

आक्का उंचीने अगदी ठेंगण्या. मागच्यांना दिसत नसत, म्हणून दूध पावडरीचा एक रिकामा डबा ओट्याच्या शेजारी पालथा घालून त्या त्यावर उभ्या राहत. डबा ओट्यापेक्षा जरा उंचच होता. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एकाने हरकत घेतली, तर म्हणाल्या, “बाईनं ओट्यावर चढू नये असा नियम हाय. डब्यावर चढू नये असा दाखवा.”

त्याच पंचांनी पुढच्या खेपेला थेट शास्त्र काढलं. प्रेषित पौलाने पत्रात बायकांना मंडळीत गप्प राहायला सांगितलं आहे, हे आक्कांना ठाऊक आहे का?

“ठाऊक हाय की,” आक्का म्हणाल्या. पौलाला त्या पौलदादा म्हणत, जसा काही तो उदगीरला राहणारा चुलतदीर असावा. “पर ती चिठ्ठी करिंथच्या लोकांना हाय. तिथल्या बायका लई बडबड्या असतील. पौलदादांनी चाकूरच्या लोकांना चिठ्ठी धाडली का? धाडली असंल तर द्या, मी गप बसते. अन् प्रभूचं थडगं रिकामं हाय ही बातमी पयली कुणी आणली? बाईनंच ना? बाप्ये माणसं तवा कड्या लावून बसले हुते.”

पंच चहा न घेता गेले.

आक्का तरुणपणीच विधवा झाल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. त्या आमच्याकडे ‘बायबलबाई’ म्हणून आल्या. गावोगाव चालत जायचं, बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, आजाऱ्याजवळ बसायचं, एवढं त्यांचं काम. मी गावातला शाळामास्तर आणि त्यांचा शेजारी. सकाळी आमच्या दारावरून जाताना त्या मलाही सूचना देत. “गुरुजी, आज लेकरांना मारू नका. उपाशी आल्यात.” हे त्यांना कुठून कळे, हे मला कधी कळलं नाही.

मोठा दुष्काळ पडला, तेव्हा पाळकसाहेबांचं येणं बंद झालं. सगळं गाव खडी फोडायला जात होतं, आक्कासुद्धा. रविवारी काम सोडावं तर मजुरी बुडायची. मग आक्कांनी दुपारच्या सुट्टीत खडीच्या ढिगावर उभं राहून सूचना सुरू केल्या. सगळ्या जातींच्या, सगळ्या धर्मांच्या बाया येऊन बसत. आक्कांच्या पलीकडे राहणारी सरूबाई बौद्ध. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, “आक्का, तुमचा देव तुमच्यापाशी ठिवा, आमचं आमाला हाय. पर सूचना द्या बाई. त्याबिगर ही रेशनच्या मिलोची लाल भाकर घशाखाली उतरंना.” मुकादमही शिट्टी हातात घेऊन विचारी, “आक्का, आजची सूचना किती लांब हाय? न्हाई, त्या बेतानं वाजवतो.”

त्याच उन्हाळ्यात आमची धाकटी रिबका हगवणीने गेली. दफन करण्याचा हक्क फक्त पाळकाला. लातूरला माणूस पाठवला. तो एकटाच परत आला. ऊन मी म्हणत होतं, पोरीला तसंच किती वेळ ठेवणार? आक्का म्हणाल्या, “गुरुजी, मला दफन करायचा हक्क न्हाई. मी निस्ती सूचना देते.”

त्या लहानशा खड्ड्याजवळ उभ्या राहिल्या. डोळे मिटले नाहीत. वर बघून म्हणाल्या, “प्रभू, एक सूचना हाय. आमची रिबका येऊन राहिली. लहान हाय, रस्ता ठाऊक न्हाई तिला. चार पावलं पुढं येऊन घ्या. अन् आल्या आल्या आधी पाणी पाजा.” सकाळपासून दगडासारखी बसलेली माझी बायको तेव्हा रडली.

पुढे काही वर्षांनी लातूर जिल्हा वेगळा झाला. नव्या पाट्या लागल्या, नवे साहेब आले. त्या वाऱ्यात आमच्या वरिष्ठ मंडळींनीही आपल्या हद्दी नव्याने आखल्या. चाकूरकडच्या गावांचा वेगळा गट झाला आणि गटाला आपल्यातलाच एक नेता निवडून द्यायचं ठरलं. त्याला बाप्तिस्मा, प्रभुभोजन, दफन, सगळ्याचा हक्क मिळणार होता. बाई नको, असं या वेळी कुठे म्हटलेलं नव्हतं. बहुधा कुणाच्या डोक्यातच आलं नसावं.

निवडीच्या आठवड्यात आक्का आमच्याकडे आल्या. सूचना नव्हती. चहाचा पेला हातातच धरून म्हणाल्या,

“गुरुजी, उपदेशाचं मला काही न्हाई. माझं सूचनेवर भागतंय. पर माणूस मेलं की लातूरला सांगावा धाडायचा, अन् तवर माती उघडी टाकून बसायचं, हे बघवत न्हाई आता. मला तेवढा हक्क पायजे. तुमी बोलताल का माझ्यासाठी?”

“आक्का, हे काय विचारणं झालं? मीच बोलणार,” मी म्हणालो. बायको दारातून म्हणाली, “न्हाई बोलले तर घरात घेत न्हाई.” आक्का हसल्या आणि चहा अर्धा टाकून गेल्या.

निवडीची आमची रीत सोपी आहे. मतं नाहीत, चिठ्ठ्या नाहीत. प्रार्थना होते, मग अध्यक्ष म्हणतात, “ज्याला देवाचं पाचारण असेल, त्याने उभं राहावं.” जो उभा राहील आणि ज्याला मंडळी टाळ्या वाजवून पसंती देईल, तो नेता. त्या दिवशी चर्च गच्च भरलं होतं. नांदेडहून आलेले अध्यक्ष ओट्यावर खुर्चीत होते. त्यांनी ते वाक्य म्हटलं आणि आक्का उभ्या राहिल्या. डब्यावर नाही, जमिनीवर.

अध्यक्षांनी चष्म्यातून पाहिलं आणि प्रेमाने म्हणाले, “आक्का, सूचना शेवटी द्या.”

लोक हसले. वाईट हेतूने नाही, सवयीने. आक्का बसल्या नाहीत. तेव्हा मी उठलो. मला एकच वाक्य बोलायचं होतं: आक्का सूचनेसाठी उभ्या नाहीत. तोंड उघडलं, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “गुरुजी उभे राहिले!” अध्यक्ष म्हणाले, “देवाची स्तुती असो!” आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या थांबायला फार वेळ लागला नाही. त्या थांबल्यावर ते वाक्य बोलता आलं असतं. पण माणसं माझ्याकडे जशा नजरेने बघत होती, तसं आधी कधी कुणी बघितलं नव्हतं. आक्काही बघत होत्या. मी तोंड मिटलं. मग त्या बसल्या, आणि त्यांच्यानंतर मी.

घरी बायको एवढंच म्हणाली, “उभे राहिलात ते ठीक झालं. बसलात कशाला?”

त्याआधी, सभेच्या शेवटी, अध्यक्षांनी आठवणीने आक्कांना बोलावलं. “पहिली सूचना,” आक्का म्हणाल्या. “आजपासून गुरुजी आपले नेते. त्यांचं ऐकायचं.” दुसरी सूचना नव्हतीच. त्यांनी चटईखालून ओल्या फडक्यात गुंडाळलेला हार काढला आणि माझ्या गळ्यात घालायला आल्या. हार फारच लहान होता. तो माझ्या कानांवर अडकला. सगळं चर्च हसायला लागलं. आक्काही हसल्या. “गुरुजींचं डोकं मोठं हाय,” म्हणाल्या, “म्हणून तर निवडलं!” हार मी हातातच धरून घरी आणला.

नंतर वीस वर्षं मी नेता होतो. नव्या चर्चच्या दारावर पाटी आहे, तिच्यात ही मंडळी मी वाढवली असं कोरलंय. ते खोटं आहे. माझ्या हातून ज्यांचे बाप्तिस्मे झाले, त्यांच्या घरांचे उंबरे आक्कांनी झिजवले होते. मी उपदेश वाचत असे आणि लोक त्यानंतरच्या सूचनांसाठी बसून राहत. आक्कांनी त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही.

आक्का गेल्या, त्यानंतर एकदा सरूबाईच्या ओसरीवर बसलो होतो. बोलता बोलता ती म्हणाली, “निवडीच्या आदल्या दिशी मीच गेले हुते की आक्कासंगं लातूरला. हार आणायला.”

“हार आणायला इथल्या कुणाला सांगितलं नव्हतं का?”

“सांगणार कुणाला गुरुजी? निवडलेल्याला हार त्याच्या घरचे घालत्यात. तिला घरचं कोण हुतं?” सरूबाईने सुपारीचं खांड दाढेखाली सरकवलं. “फुलवाला इचारला, गळा केवढा? तर आक्का लाजली बघा. बारका करा म्हणली, बाईमाणूस हाय. मग त्यानं करून दिलेला हार तिनं गळ्यात घालून बघितला, दुकानातल्या आरशापुढं. मी म्हणलं, आक्का, ब्येस दिसतंय, राहू दे जरा. तर लगेच काढला तिनं. ‘उद्याचं आज कशाला, सरू,’ म्हणली.”