चिरंजीवांचं बाळंतपण

एका जंगलात, बाळांनो, पाळीव प्राणी पाळायची टूम निघाली. प्राण्यांनीच प्राणी कशाला पाळायचे, असं तुम्ही विचाराल. विचारू नका. जंगलात तेव्हा कुणीच विचारलं नव्हतं. अस्वलानं गोगलगाय पाळली. कोल्ह्यानं दोन ससे पाळले. पुढे एकच दिसायला लागला, तेव्हा कोल्हा म्हणाला, दुसरा मामाकडे राहायला गेलाय.

त्याच जंगलात विश्वासराव साळिंदर आणि त्यांची बायको ताराक्का राहत होते. खाऊनपिऊन सुखी घर. बीळ ऐसपैस, आत नदीच्या चपट्या दगडांची गुळगुळीत फरशी. त्यांना तीन मुली होत्या. तिघी उजवल्या होत्या. त्यामुळे ताराक्का कुणीही भेटलं की सांगायची, "आम्हाला मूलबाळ नाही हो."

एकदा दूरदेशाहून एक करकोचा आला. तिकडची जनावरं आणून इकडे विकायचा त्याचा धंदा होता. त्यानं टोपलीतून एक सरडा काढला. अंग वाळूच्या रंगाचं, आणि हनुवटीखाली भरघोस, काटेरी दाढी.

"वाळवंटातला आहे," करकोचा म्हणाला.

"नर आहे ना?" ताराक्कानं विचारलं.

"दाढी दिसत नाही का?"

करकोचा खोटं बोलला नाही हं. त्यानं प्रश्नाला प्रश्न केला, एवढंच. त्या देशात नर काय आणि मादी काय, सगळ्यांनाच दाढी असते. पण हे त्याला कुणी विचारलं नाही, आणि धंद्यात न विचारलेलं सांगत नाहीत.

ताराक्कानं सरड्याला उराशी धरलं. "माझा समशेर," असं म्हणाली आणि रडली. मी तिची टिंगल करणार आहे, पण ते रडणं खरं होतं.

सरडा म्हणाला, "मी मुलगी आहे."

विश्वासराव पोट धरून हसले. "पोरगं विनोदी आहे."

तर आता आपणही त्याला 'तो' म्हणू. घरातली मोठी माणसं म्हणतात तसं म्हणावं, नाहीतर गोष्ट पुढे सरकत नाही.

समशेरला बिळाच्या तोंडाशी असलेला उन्हातला दगड मिळाला. तिन्ही मुली लहान होत्या तेव्हा त्यांना त्या दगडावर बसायची बंदी होती, कारण उन्हानं मुली काळ्या पडतात. साळिंदराच्या मुली जन्मतःच काळ्या असतात, पण ते असो. समशेरला जाडजूड अळ्या मिळाल्या, कोवळा पाला मिळाला. तो दगडावर बसून अधूनमधून एक हात वर करायचा आणि हळूच फिरवायचा. त्याच्या देशात त्याचा अर्थ होतो, 'मी लहान आहे, मला मारू नका.' इथं शेजारी म्हणायचे, "काय रुबाब आहे बघा. बसल्या जागी रामराम घेतो."

त्याला मिळत नव्हती ती एकच गोष्ट. माती. सगळं जंगल मातीचं होतं, पण चिरंजीवांच्या पायाला ती लागू द्यायची नाही, असा ताराक्काचा दंडक होता. माती उकरायची ती मुलींनी. चिरंजीवांनी फरशीवर चालायचं.

दिवस गेले. समशेर वयात आला. त्याचं पोट वाढलं. विश्वासराव कौतुकानं म्हणाले, "खात्यापित्या घरचा दिसायला लागला."

मग तो फरशी नखांनी खरवडू लागला. सकाळ झाली की कोपऱ्यात जायचा आणि खरवडत बसायचा. नखं तुटली तरी थांबेना.

"मला माती हवी," तो म्हणाला. "माझ्या पोटात अंडी आहेत. मादीला जोडीदार नसला तरी अंडी होतात."

"त्याला आता स्वतःचं घर बांधायचंय," विश्वासराव बायकोला म्हणाले. "पाया खणतोय. माझ्यावर गेलाय."

समशेरची दाढी दुखण्यानं काळी पडली. घरात पेढ्याऐवजी मधाची पोळी वाटली गेली, कारण मुलाला तारुण्य आलं होतं. मग समशेरनं खाणं सोडलं. तेव्हा मात्र ताराक्का घाबरली आणि बगळावैद्यांना बोलावणं गेलं.

बगळावैद्य एका पायावर उभे राहिले. त्यांनी बराच वेळ डोळे मिटून विचार केला. मग समशेरच्या पोटावर चोच ठेवली. आत गोल गोल गोळे लागले.

"काय आहे हो?" ताराक्कानं विचारलं.

"कर्तृत्व," वैद्य म्हणाले. "साठून राहिलंय. पुरुषांना होतं असं. बाहेर पडायला वाट पाहिजे."

"वैद्यबुवा, अंडी आहेत," समशेर म्हणाला. त्याचा आवाज आता खोल गेला होता. "खणायला माती मिळाली नाही तर ती आत अडकतात. मग मी मरेन."

वैद्यांनी मान डोलावली. "बघा, मरणाच्या गोष्टी करतोय. लग्न लांबलं की सगळे करतात. ह्याचं लग्न करून टाका."

बाळांनो, इथं मला राग येतो. समशेर काही गूढ बोलत नव्हता. कोड्यात बोलत नव्हता. जे आहे ते, आहे तसं, रोज सांगत होता. पण त्याला दाढी होती, आणि दाढीवाल्यानं काय म्हणायचं हे घरात आधीच ठरलेलं होतं.

मुलगी शोधली गेली. कुंपणावरचा धोंडू सरडा, साधा, चार मुलींचा बाप. त्याची थोरली पारू. एरवी मुलाकडचे मुलीच्या घरी जातात, पण समशेरला चालवत नव्हतं, म्हणून मुलीलाच इकडे आणलं. धोंडू कोपऱ्यात अंग चोरून बसला. बगळावैद्य मध्यस्थ म्हणून फरशीच्या मधोमध उभे राहिले.

"नाव काय?" ताराक्कानं विचारलं.

"पारू."

"जरा चालून दाखव."

पारू चालली.

"रंग बदलता येतो का?"

"येतो."

"आमच्याकडे आम्ही सांगू तोच रंग ठेवावा लागेल."

पारूचं लक्ष नव्हतं. ती समशेरकडे बघत होती. तो भिंतीला टेकून पडला होता. दाढी काळीशार, डोळे अर्धे मिटलेले, पोट दोन्ही बाजूंनी गोळ्यागोळ्यांनी फुगलेलं. नखांना रक्त लागलेलं. पारूनं असं पोट घरात पाहिलं होतं. तिच्या आईचं.

"मला ह्यांच्याशी एकांतात बोलायचंय," ती म्हणाली.

धोंडूनं मान खाली घातली.

"अलीकडे मुलं दोन शब्द बोलतात आपापसात," वैद्य म्हणाले. "आपण फार जुनाट असू नये."

"बोला की," ताराक्का म्हणाली. "इथंच बोला. आम्ही पाठ करून बसतो."

"बाहेर," पारू म्हणाली. "वारुळापाशी."

"जाऊ दे गं," विश्वासराव म्हणाले. "पोरगा लाजतोय."

पारूनं समशेरला खांद्याचा आधार दिला आणि बाहेर नेलं. वारुळाच्या पायथ्याशी माती मऊ होती, आणि थोडी ओल होती.

"कधीपासून अडलीयस?" पारूनं विचारलं.

"अमावास्येपासून."

"अगं, मग सांगायचं ना घरी."

"रोज सांगते."

पारूनं खणायला सुरुवात केली. समशेर जवळ सरकला आणि त्यानंही हात घातला. हातांना माती लागली तशी तिला रडू फुटलं. आता मी 'ती' म्हणणार आहे. घरातल्यांना चालत नसेल तर त्यांनी ही गोष्ट ऐकू नये.

इकडे आत मानपानाचं बोलणं चाललं होतं. वरमाईला कुठला पाला द्यायचा, करवलीला काय.

"बराच वेळ बोलताहेत," धोंडू काळजीनं म्हणाला.

"म्हणजे जमलं," वैद्य म्हणाले.

दोघी परत आल्या तेव्हा ऊन कललं होतं. समशेरचं पोट खपाटीला गेलं होतं. अंगभर माती होती. पण दाढी पुन्हा वाळूच्या रंगाची झाली होती आणि डोळे उघडे होते.

"मातीत गेलास?" ताराक्का किंचाळली.

"बाळंत झालीय ती," पारू म्हणाली. "जिवावरचं होतं, निभावलं. अंडी वारुळापाशी आहेत, जाऊन बघा. आणि आधी तिला पाणी द्या."

सगळे वारुळापाशी गेले. खड्ड्यात अंडी होती. पांढरी, लांबट, एकमेकांना चिकटून. विश्वासरावांनी अंड्यांकडे पाहिलं. मग वळून बिळाच्या तोंडाशी बसलेल्या समशेरच्या दाढीकडे पाहिलं. मग पुन्हा अंड्यांकडे. एक क्षणभर असं वाटलं की त्यांना कळणार.

"काय गं बाई पोर ही," ताराक्का म्हणाली. "आमच्या अंगणात येऊन अंडी घालून ठेवली."

"मी?" पारू म्हणाली.

"तुम्ही दोघंच होता ना इथं? त्यातल्या एकाला दाढी आहे. मग राहिलं कोण?"

बगळावैद्यांनी दुसरा पाय खाली टेकला. "युक्तिवादात खोट नाही," ते म्हणाले.

समशेर खुरडत आली. "आई, अंडी मी घातली."

ताराक्काचे डोळे भरून आले. "बघा. परक्या मुलीची अब्रू झाकायला स्वतःवर घेतोय. दिवा घेऊन शोधला तरी असा मुलगा मिळायचा नाही."

धोंडू सरडा इतका वेळ मागे उभा होता. पण चार मुलींचा बाप वेळेवर हुशार होतो. तो हात जोडून म्हणाला, "माईसाहेब, तुम्ही म्हणता तसंच असेल. माझ्या पोरीनं घातली. पण ती तुमच्या मुलाबरोबर एकटी गेली होती. मग ह्या अंड्यांचा बाप कोण?"

आता ताराक्काला घाम फुटला. "इतक्या लवकर कसं होईल?" ती वैद्यांना म्हणाली.

"मी म्हणालो नव्हतो?" वैद्य म्हणाले. "कर्तृत्व साठलेलं होतं."

विश्वासरावांची छाती फुगली आणि पाठीवरचे सगळे काटे उभे राहिले. लग्न ठरलं.

परत जाताना धोंडूनं मुलीला हळूच विचारलं, "पोरी, तुझी हरकत नाही ना? तू नाही म्हणालीस तर मी पाया पडून मोडीन."

पारूनं मागे वळून पाहिलं. समशेर पानातलं पाणी पीत होती आणि पिता पिता तिच्याकडे बघत होती. "मी नाही आले तर हिला माती कोण देणार?" पारू म्हणाली.

लग्न थाटात झालं. पारूनं सासरी आल्या आल्या पहिली मागणी केली, दारात मातीचा ढीग हवा. ताराक्का म्हणाली, "चिरंजीव मातीत? लोक काय म्हणतील?"

"आखाडा म्हणा," पारू म्हणाली.

मग काय विचारता. लाल माती आली. ती चाळून, ताक घालून मऊ केली गेली. विश्वासराव येणाऱ्याजाणाऱ्याला आखाडा दाखवू लागले. समशेर दर हंगामात फुगलेल्या पोटानं आखाड्यात उतरायची आणि सडपातळ होऊन बाहेर यायची. अख्खं जंगल म्हणायचं, "कसरत करावी तर अशी."

अंडी अर्थातच पारूची. ताराक्का ती स्वतः उबवायला बसायची. आपले काटे लागू नयेत म्हणून अंग आवरून, अवघडून, जेवणखाण सोडून बसायची. पण अंडी काही फुटेनात. ती रिकामी होती. ताराक्का एकेक अंडं कानाशी धरून ऐकायची आणि ठेवून द्यायची. ते मात्र बघवत नसे.

दोष कुणाचा, हे सांगायला कुणी पंचायत बसवली नाही. सुनेचा. बगळावैद्यांनी पारूला कडू पाला दिला. पारू तो आखाड्यात पुरून टाकायची.

थोरली लेक माहेरपणाला आली. तिनं समशेरकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाली, "आई, समशेर मुलगी आहे गं."

"तुला भावाचं बरं बघवत नाही," ताराक्का म्हणाली. लेक दुसऱ्या दिवशी सासरी गेली.

शेवटी ताराक्कानं ठरवलं की समशेरला दुसरी बायको करून द्यायची आणि पारूला कुंपणावर परत पाठवायची.

ते ऐकून समशेर दगडावरून खाली उतरली. आईच्या समोर येऊन उभी राहिली. तिनं हात वर केला नाही, मान खाली घातली नाही.

"आई," ती म्हणाली, "मी मुलगी आहे. आले त्या दिवशीच सांगितलं होतं. अंडी मी घालते. ती रिकामी असतात, कारण त्यांना बाप नाही. त्यात पारूचा काही दोष नाही. ती नसती तर मी तुझ्या फरशीवर मेले असते. ती गेली तर मीही जाईन."

ताराक्कानं पहिल्यांदाच सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिचा चेहरा मऊ झाला. तिनं समशेरच्या डोक्यावरून हात फिरवला.

"राहू दे तिला, तुझा एवढा जीव आहे तर," ती म्हणाली. "दोघी राहतील. पण बाळा, तू ह्यात पडू नकोस. बायकांच्या गोष्टीत पुरुषांनी बोलू नये."

समशेरनं पारूकडे पाहिलं. पारू आखाड्यातली माती सारखी करत होती. सवत येणार म्हटल्यावर ती रडेल, असं सगळ्यांना वाटलं.

"येऊ द्या की," पारू म्हणाली. "फक्त तिला माती उकरता येते का, तेवढं विचारून घ्या."

आता उन्हातल्या दगडावर तिघी बसतात. दगड मोठा आहे, तिघींना पुरतो. ताराक्का लांबून बघते आणि शेजारणीला सांगते, "माझ्या मुलानं संसार कसा नेटका केलाय बघा."

तात्पर्य : मुलींनो, नेहमी खरं बोलावं. त्यानं कुणाचं काही बिघडत नाही, कारण घरात ते कुणाला ऐकू जात नाही. आणि ऊन हवं असेल तर दाढी ठेवावी.