गुरुवारचा कुत्रा

तक्त्यात अकरा रकाने झाले होते आणि आईला बारावा सुचला होता. भुंकणं, केस गळणं, लाळ, लिफ्टमधली वागणूक, एकटं राहायची तयारी, लहान मुलांशी कसा, असे रकाने आडवे आणि कुत्र्यांच्या जाती उभ्या. बारावा रकाना होता 'शेजारी'.

"आता कुत्र्याची मुलाखतच घे एकदा," बाबा म्हणाला.

"घेतली असती. हो म्हणणारा मिळू दे आधी."

घर चौथ्या मजल्यावरचं, दोन खोल्या आणि एक अरुंद गॅलरी. त्यांची सात वर्षांची मुलगी, जिला घरात सगळे भिंगरी म्हणत, दोन वर्षं कुत्रा मागत होती. आधी रोज मागायची, मग फक्त रविवारी. गेल्या महिन्यापासून तिने मागणंच सोडून दिलं होतं. हट्टी मुलांना कसं समजवावं यावर आईने बरंच वाचलं होतं. हट्ट सोडून दिलेल्या मुलीचं काय करायचं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. तेव्हा तिने ठरवलं की आता कुत्रा आणायचाच.

अडचण एकच होती. इमारतीत आजवर कुणालाही कुत्र्याची परवानगी मिळालेली नव्हती. सेक्रेटरीबाई पेशाने दातांच्या डॉक्टर. त्यांच्याकडे अर्ज गेला की तो दुखऱ्या दाढेसारखा मुळासकट निघायचा, आणि वर शेरा यायचा, 'आवाज होतो'.

"म्हणजे आवाज न होणारी जात शोधायची," आई म्हणाली, "आणि पुरावा अर्जाला जोडायचा. नाही म्हणायला जागाच ठेवायची नाही."

इथपर्यंत सगळं शहाणपणाचंच होतं. पुढचं बाबाच्या कामामुळे झालं. तो कानाच्या यंत्रांच्या दुकानात लोकांची ऐकण्याची तपासणी करायचा.

"मी दुकानातला मोठा स्पीकर आणतो," तो म्हणाला. "रोज सकाळी अकराला एकेका जातीचं भुंकणं वाजवू. भिंगरी शाळेत असेल. खालच्या मजल्यावर किती पोचतं ते मोजायचं."

"मग खालच्या काकांना सांगून ठेवते."

"अजिबात नाही! सांगून वाजवलं की सगळ्यांनाच ऐकू येतं. माझे निम्मे पेशंट असेच फसवतात. आधी वाजवायचं, मग सहज गेल्यासारखं विचारायचं."

खालचे काका निवृत्त पोस्टमास्तर. सोमवारी पॉमेरेनियन वाजवून झाल्यावर आई त्यांच्या दारात गेली. "काका, वरून काही आवाज वगैरे येतो का हो?"

"नाही बुवा," काका सभ्यपणे म्हणाले.

मंगळवारी बीगल. काकांनी कपाळावरून हात फिरवला आणि "चालायचंच" म्हणाले. बुधवारी डालमेशियन झाल्यावर त्यांनी उलट विचारलं, "पाहुणे आलेत का?" गुरुवारी बाबाने हौसेने ग्रेट डेन लावला. घोड्याएवढी ही जात आईने 'आकार' असा शेरा मारून पहिल्याच दिवशी खोडली होती. बाबाला फक्त स्पीकरचा खर्ज ऐकायचा होता. शुक्रवारी पग, शनिवारी टेरियर. शनिवारी काकांनी दार उघडलंच नाही. आईने तक्त्यात लिहिलं, 'उत्तर नाही' आणि बाबाने स्पीकर दुकानात परत नेला.

आई एवढ्यावर थांबणाऱ्यातली नव्हती. कुत्र्यांचे केस कापणाऱ्या एका पार्लरमधून तिने सहा जातींचे केस सहा पिशव्यांत आणले आणि सोफ्यावर थोडे थोडे पसरले. कुठले किती चिकटतात हे तिला बघायचं होतं, आणि भिंगरी शिंकते का हेही. भिंगरी शिंकली नाही. बाबा शिंकला, पण त्याच्यासाठी रकाना नव्हता.

रविवारी भिंगरी खाली खेळायला गेली आणि पाच मिनिटांत धापा टाकत वर आली. एक शब्द न बोलता तिने पलंगाखाली पाहिलं, कपाट उघडलं, वॉशिंग मशीनचं झाकण उचललं.

"काय शोधतेयस गं?"

"आपल्याकडे सहा कुत्रे आहेत ना? खाली सगळे म्हणतायत."

"नाहीत गं राणी."

"आई, मला नुसते बघायचेत," भिंगरी हळूच म्हणाली. "हात नाही लावणार."

तेवढ्यात बेल वाजली. दारात सेक्रेटरीबाई आणि पोस्टमास्तरकाका. काकांच्या हातात वही होती. आयुष्यभर टपालाची नोंद ठेवलेल्या माणसाने याचीही ठेवली होती.

"सहा दिवस, सहा वेगळे आवाज," काका म्हणाले. "एकासारखा दुसरा नाही. आणि रोज ही येऊन विचारते, आवाज येतो का! वरून मीठ चोळायचं म्हणजे कमाल झाली."

"काका, ते रेकॉर्डिंग होतं!"

"रेकॉर्डिंग," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. त्यांची नजर सोफ्यावर होती. "आणि हे सहा रंगांचे केस?"

"ते पार्लरमधून आणलेत."

"कशाला?"

"चिकटतात का बघायला."

'मी गोड खातच नाही' म्हणणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं सेक्रेटरीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या फ्रिजवर लावलेल्या तक्त्याकडे वळल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या. "सोमवार, पॉमेरेनियन, भुंकणे नऊ मिनिटे. मंगळवार, बीगल, भुंकणे अकरा मिनिटे. अहो, हा तर हजेरीपट आहे!"

बाबाने घाईघाईने मोबाइल काढून भुंकणं वाजवून दाखवलं. मोबाइलमधून डबीत अडकलेल्या माशीसारखं काहीतरी आलं.

"मला काय बहिरा समजलात?" काका कडाडले. "तो आवाज हा?"

"बहिरे नाहीच आहात," बाबा म्हणाला. "तेच तर मोजत होतो."

यानंतर कोण काय बोललं याला अर्थ नव्हता. शेवटी सेक्रेटरीबाईंनी हात वर केला. तोंड उघडं ठेवायची सवय असलेल्या लोकांना गप्प करणं त्यांना चांगलं जमायचं.

"हे बघा वहिनी, सहाच्या सहा काढा म्हटलं की तुम्ही भांडणार. प्राणिप्रेमी फाटकाशी येऊन बसणार. मला दवाखाना आहे. मधला मार्ग काढू. आठ दिवसांत पाच हलवा. एक राहू दे."



"एक राहू दे?" आईने विचारलं.

"एकच! लेखी देते. त्याहून एक शेपूट जास्त दिसलं तर बघा."

आईने तोंड उघडलं. ती तीनदा खरं बोलली होती आणि चौथ्यांदाही बोलली असती. पण भिंगरी वॉशिंग मशीनच्या झाकणाला धरून उभी होती आणि तिने श्वास रोखून धरला होता. आईने तोंड मिटलं.

"कुठला ठेवायचा, ते मी सांगणार," काका म्हणाले. "त्रास मला झालाय." त्यांनी वही चाळली. "गुरुवारचा ठेवा. बाकीचे नुसते केकाटतात. हा दोनदाच भुंकला, पण काय भारदस्त! साहेब आल्यासारखं वाटलं."

सेक्रेटरीबाईंनी तिथेच कागदावर लिहिलं, 'गुरुवारचा कुत्रा ठेवण्यास हरकत नाही', आणि खाली सही ठोकली.

पाच कुत्रे हलवणं सोपं गेलं. तत्परतेबद्दल सेक्रेटरीबाईंनी आभाराचं पत्रही दिलं. ग्रेट डेन मिळवणं मात्र जड गेलं. अखेर एक घर बदलणारं कुटुंब भेटलं, आणि त्यांचा पाच वर्षांचा, माणसाहून जड कुत्रा चौथ्या मजल्यावर आला. तो लिफ्टमधून उतरला, घरभर एकदा फिरला, सोफ्यासमोरच्या सगळ्या जमिनीवर आडवा झाला आणि झोपला. दिवसातले अठरा तास तो झोपायचा. उरलेल्यात तो जागा बदलायचा. आईने रात्रंदिवस पारखलेल्या छोट्या, चपळ, फ्लॅटला साजेशा जाती गॅलरीपासून दारापर्यंत धावत सुटल्या असत्या. 'झोप' असा रकाना तिच्या तक्त्यात नव्हताच.

भिंगरी शाळेतून आली की दप्तर टाकून त्याच्या पोटाला टेकून बसायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची. एवढं ती आईलाही कधी सांगत नसे.

बारा दिवसांनी पुन्हा बेल वाजली. पुन्हा तेच दोघं.

"हा गुरुवारचा नाही," काका म्हणाले. "बारा दिवसांत एकदा भुंकलेला नाही. तुम्ही कुत्रा बदललात."

"परवानगी गुरुवारच्याच कुत्र्याला आहे," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "हा तोच आहे हे दिसलं पाहिजे. नाहीतर हलवावा लागेल."

आई पुढे झाली. "भुंकला की ओळखाल ना, काका?"

"न ओळखायला काय झालं!"

मग बाबाने बेल वाजवली. आईने ताट आपटलं. बाबा दारामागे जाऊन चोरासारखा खाकरला. कुत्र्याने एक कान हलवला. काकांनी पुढे होऊन टाळ्या वाजवल्या. "हं! भुंक बघू! त्या गुरुवारी कसा भुंकला होतास?" शेवटी सेक्रेटरीबाईंनीही पर्स खाली ठेवली आणि इकडे तिकडे बघून, संकोचत, स्वतःच एकदा भुंकून दाखवलं.

काका चमकले. "बीगलसारखं येतंय," ते म्हणाले. "जरा खालच्या पट्टीत घ्या."

सेक्रेटरीबाईंनी खालच्या पट्टीत घेतलं. बाबाने साथ दिली. समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि धाडकन बंद झालं.

"शूऽऽ!"

सगळे वळले. भिंगरी कुत्र्याच्या मानेवर हात टाकून बसली होती. तिचा चेहरा रागाने लाल झाला होता.

"तो झोपलाय ना! किती आवाज करताय तुम्ही सगळे!"

सेक्रेटरीबाईंनी पर्स उचलली आणि त्या काकांच्या कानाशी कुजबुजल्या, "तोच आहे म्हणा ना."

"तोच, तोच," काका त्याहून हळू म्हणाले. "आता नीट पाहिल्यावर पटलं."

आईने दार अलगद, कडीचा आवाज न करता उघडून धरलं. सेक्रेटरीबाई चवड्यांवर चालत बाहेर पडल्या. त्यांच्यामागून पोस्टमास्तरकाका जिना उतरले, तेव्हा त्यांनी चपला हातात घेतल्या होत्या.