गादीवाल्यांचं नाव काढा!

देणगीदार कसा सांभाळावा, हे कुणीही माझ्याकडून शिकावं! आमच्या कॉलेजचा देणगी विभाग म्हणजे मी, आणि मी म्हणजे देणगी विभाग. कुठल्या माजी विद्यार्थ्याला वाढदिवसाला फोन करायचा, कुणाला चुकूनही करायचा नाही, कुणाच्या पहिल्या बायकोचा विषय दुसऱ्या बायकोसमोर काढायचा नाही, सगळं मला तोंडपाठ!

अशा माझ्या भरल्या विभागात मीच एक चूक केली. माझ्या साडूला चिकटवून घेतलं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आधी साबणाच्या कंपनीत विक्रेता होता. कंपनी बुडाली. बायको म्हणाली, "भाऊजींसाठी एवढं करा हो!" मी केलं. तेव्हापासून घरी तो मोठा आणि ऑफिसात मी मोठा. घरी मी त्याला पंख्याखालची खुर्ची देतो आणि ऑफिसात तो मला 'सर' म्हणतो. त्याचं हे 'सर' इतकं गोड असतं, की ऐकताना साबण लागल्यासारखं वाटतं.

पाहता पाहता सगळे देणगीदार याचे झाले. ज्यांना मी वर्षानुवर्षं 'आदरणीय महोदय' म्हणत आलो, त्यांना हा 'काका' म्हणू लागला. ज्यांच्या भेटीसाठी मी बाहेरच्या बाकावर ताटकळलो, ते याला जेवायला थांबवून घेऊ लागले. वर घरी बायकोचं चालूच, "भाऊजींना माणसं कशी जोडता येतात, नाही?" मला हेवा वाटायचा! उगाच सौम्य शब्द कशाला वापरू? माझ्या पोटात दुखायचं.

त्यातच आमचे नावापुरते विभागप्रमुख निवृत्त होणार असं कळलं. प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, "नव्या ग्रंथालयासाठी जो गादीवाल्यांना राजी करेल, त्याला प्रमुखाची गादी!"

गादीवाले म्हणजे आमचे सगळ्यात बडे माजी विद्यार्थी. गाद्यांचा कारखाना. शिकत असताना आमच्या वाचनकक्षातल्या बाकांवर झोपून त्यांची पाठ धरली आणि तिथेच त्यांना धंदा सुचला. पुढे त्याच खोलीला त्यांनी नवे बाक दिले, म्हणून तिच्या दारावर त्यांचं नाव रंगवलं होतं. कॉलेजात आले की आधी त्या दारापुढे उभे राहायचे आणि आपलंच नाव डोळे भरून वाचायचे. ते नाव आता फिकट झालं होतं.

आणि मला कल्पना सुचली! तेच नाव ठसठशीत, सोनेरी अक्षरांत रंगवून घ्यायचं. वरून पडदा लावायचा. गादीवाले आले की पडदा दूर! त्यांच्या डोळ्यांत पाणी, माझ्या हातात ग्रंथालय, आणि साडू बसेल साबण उगाळत!

मी लगेच आमच्या पेंटरमामांना फोन लावला. बोलायला तोंड उघडतो तोच साडू समोर येऊन बसला. आता याच्यादेखत कसं बोलू? मी तोंडावर हात धरून कुजबुजलो, "मामा, वाचनकक्षाच्या दारावर गादीवाल्यांचं नाव काढा."

"दारावरचं?"

"हो हो, दारावर! जोरात बोलू नका."

"पूर्ण काढू?"

"मग काय अर्धं काढणार?"

"आधी दार घासावं लागेल, सर."

"घासा ना! पण काम असं करा, की लोक बघत राहिले पाहिजेत."

"कुणाचा फोन, सर?" साडूनं विचारलं.

"घरचा," मी म्हणालो.

गादीवाल्यांच्या भेटीच्या दिवशी सकाळी पेंटरमामा दाराला पडदा लावून उभे होते. मी पडदा उचलायला गेलो तर माझा हात धरला. "सर, ओलंय अजून. डाग पडेल."

"कसं झालंय?"

"सर, असं काढलंय, की कुणाला खरं वाटणार नाही!"

मी त्यांची पाठ थोपटली. आता फक्त साडूला वाटेतून दूर करायचं होतं. मी त्याला म्हणालो, "साडूभाऊ, पाहुणे मागच्या फाटकानं येणार आहेत. तुम्ही तिथं थांबा." आणि मी स्वतः पुष्पगुच्छ घेऊन पुढच्या फाटकावर उभा राहिलो. आहे की नाही डोकं!

उभा राहिलो, उभाच राहिलो. ऊन वर आलं, फुलांनी माना टाकल्या. शेवटी आत येऊन बघतो तर गादीवाले साडूच्या खांद्यावर हात टाकून खदाखदा हसतायत! "अरे, विद्यार्थी असताना मी कायम मागच्याच फाटकानं यायचो! उशीर झाला की पुढे पकडायचे ना! आजही पाय तिकडेच वळले. आणि बघतो तर काय, हा पोरगा तिथं माझी वाट बघत उभा! याला कसं रे कळलं?"

"सरांनी सांगितलं, काका," साडू म्हणाला.

पण गादीवाल्यांना ते ऐकूच गेलं नाही. ते त्याच्या पाठीवर थापा मारण्यात गुंग होते. माझा नुसता जळफळाट झाला! आता थांबण्यात अर्थ नव्हता. मी गादीवाल्यांचा हात धरला आणि त्यांना जवळजवळ ओढतच वाचनकक्षाकडे नेलं. मागून प्राचार्य, प्राध्यापक, विद्यार्थी, सगळी वरात. पडद्यापुढे उभा राहून मी घसा साफ केला.

"आदरणीय महोदय! या दारावर आपलं नाव आहे, ही गोष्ट कित्येक दिवस माझ्या डोळ्यांत खुपत होती."

गादीवाल्यांच्या भुवया वर गेल्या.

"म्हणजे ज्या अवस्थेत होतं, ते खुपत होतं! म्हणून मी एकट्यानं निर्णय घेतला. प्राचार्यांनाही विचारलं नाही. पेंटरला बोलावलं आणि बजावलं, काही झालं तरी गादीवाल्यांचं नाव काढा!"

आणि मी पडदा ओढला.

दार कोरं होतं! घासून गुळगुळीत केलेलं, वर चॉकलेटी रंगाचा ताजा हात. त्यात आमचे सगळ्यांचे चेहरे दिसत होते. नाव तेवढं दिसत नव्हतं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गर्दीतून पेंटरमामा मात्र अभिमानानं म्हणाले, "मागमूस ठेवला नाही, सर!"

"काढलंत?" गादीवाल्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "माझं नाव काढलंत?"

"काढलं, म्हणजे काढायला सांगितलं, पण ते काढणं वेगळं! मी म्हणालो दारावर काढा, यांनी दारावरचं काढलं!"

"काय फरक आहे?" प्राचार्य कडाडले.

"एका 'च'चा, सर!"

गादीवाल्यांनी आधारासाठी दाराला हात टेकला. हात चॉकलेटी. तोच हात त्यांनी कपाळाला लावला. कपाळ चॉकलेटी. मी घाईनं रुमाल काढून पुसायला गेलो, तर रंग कानापर्यंत पसरला! प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. ग्रंथालय गेलं, गादी गेली, आता बहुतेक नोकरीही जाणार होती.

तेवढ्यात साडू पुढे झाला.

"काका, आता एवढ्याशा दारावर तुमचं नाव किती दिवस दाटीवाटीनं राहणार? नवं ग्रंथालय उभं राहतंय. त्याचं दार केवढं मोठं असणार! सरांनी इथलं नाव काढलं नाही, तिथं न्यायला उचललंय."

गादीवाले कोऱ्या दाराकडे बघत राहिले. मग गालावर, कपाळावर, कानावर चॉकलेटी रंग असलेला तो चेहरा हळूहळू फुलला. "म्हणजे मला जागा बदलून दिलीत होय! अरे लबाडांनो! दिलं, ग्रंथालय दिलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गादीवाल्यांनी साडूला मिठी मारली, तेव्हा साडू म्हणाला, "काका, माझं काहीच नाही. सगळी कल्पना सरांची."

हे बोलला नसता तर निदान थोडी आशा होती! प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं आणि ते म्हणाले, "बघा, केवढं मोठं मन! घोळ तुम्ही घातला, निस्तरला त्यांनी, आणि श्रेय मात्र तुम्हाला देतायत! प्रमुख असा माणूस हवा." मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

संध्याकाळी माझ्याच घरी साडूचं कौतुक झालं. पंख्याखालच्या खुर्चीत तो, स्टुलावर मी. बायको चहा देता देता म्हणाली, "भाऊजींनी आज घराण्याचं नाव काढलं!"

"अगं, नाव मी काढलं!" मी किंचाळलो. "मी! स्वतः फोन करून!"

साडू मान हलवत म्हणाला, "खरंय. नाव सरांनीच काढलं."

"किती मोठं मन आहे हो यांचं!" मेहुणीनं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो, तर प्रमुखांच्या दारापाशी पेंटरमामा शिडी लावून उभे. साडूचं नाव दारावर झळकत होतं. मामा शेवटचा हात फिरवत होते. मला बघताच त्यांनी ब्रश एका हातात घेतला आणि घासायचा कागद दुसऱ्या हातात.

"सर, आज नीट विचारून घेतो. दारावर काढायचं, की दारावरचं?"

आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मला उत्तर द्यायला जरा वेळच लागला.