किसनजी पाहून राहिले

किसनजींच्या दाराला एक पाटी लटकलेली असे. शाळेतल्या पोरांची असते तशी, लाकडी चौकटीची. बाकी लोक दारावर आपलं नाव लावतात. किसनजी देवाबद्दलचं आपलं त्या दिवसाचं मत लावत. कधी 'आहे', कधी 'नाही', आणि वर्षातले बरेच दिवस 'पाहून राहिलो'. म्हणजे आमच्या नागपूरच्या बोलीत, पाहणं चालू आहे, अजून काही ठरलेलं नाही.

नागपूर तेव्हा राजधानी होतं. मी सचिवालयात कारकून म्हणून लागलो आणि इतवारीत, कोष्ट्यांच्या गल्लीत, किसनजींच्या समोरची खोली भाड्यानं घेतली. पहिल्या सकाळी त्यांच्या दारावर 'नाही' वाचलं. घरात कुणी नाही असं समजून मी परत फिरलो, तोच आतला मागाचा खटखटाट थांबला.

"मी आहो ना घरी," आतून आवाज आला. "थो नाही."

पाटी कशासाठी, हे मी चार दिवसांनी धीर करून विचारलं.

"लोकायचा टाइम काहून खराब करावा गा, भाऊ? कीर्तनाले बोलावणारे येतेत, प्रसाद देणारे येतेत. त्याइले बाहेरच समजलं पाहिजे."

प्रसादाचा त्यांचा नियम पाटीबरहुकूम चाले. 'आहे' असेल तर दोन्ही हातांनी घ्यायचा. 'नाही' असेल तर हात पाठीमागे. 'पाहून राहिलो' असेल तेव्हा घ्यायचा, पण खायचा नाही, खिशात ठेवायचा. शिरा बंडीच्या खिशात ठेवल्यावर काय होतं, ते त्यांच्या बायकोला, कौसल्याबाईंना, धुणं धुताना कळे. त्या मोठ्यानं बोलत आणि किसनजी तेवढा वेळ जोरजोरात माग चालवत.

त्यांचं पाहणं म्हणजे नुसतं बसून पाहणं नव्हे. एकदा माझा हात धरून त्यांनी मला मागाजवळ नेलं. मागावर एक लुगडं अर्धंअधिक विणून झालं होतं. त्यातला काही भाग देवाचं नाव घेत विणला होता, काही न घेता.

"सांगा भाऊ, नावाचं कोणतं?"

मी जाणकाराचा आव आणून कापडावरून बोटं फिरवली आणि एक भाग दाखवला. किती मऊ, किती सारखा! किसनजींचा चेहरा पडला.

"थे तर मी हिच्यासंगं भांडता भांडता विनलं."

दुसऱ्या दिवशी पाटीवर 'नाही' होतं.

पण त्यांना कुणी नास्तिक म्हटलेलं खपत नसे. एका कीर्तनात ऐन रंगात उठून त्यांनी बुवांना विचारलं, "महाराज, तुम्ही सोता पाहिला का?" लोकांनी त्यांना धरून बाहेर काढलं. पुढे बर्डीच्या शिकल्यासवरल्या वस्तीत कुणा विद्वानाचं 'ईश्वर नाही' असं व्याख्यान झालं. तिथेही हे उठले. "साहेब, नाही म्हनून तुम्ही सोता पाहून आले का?" तिथल्या मंडळींनीही त्यांना बाहेर काढलं, मात्र इंग्रजीत बोलून. घरी परतताना किसनजी खुशीत होते. दोन्ही बाजू सारख्याच चिडतात, ही गोष्ट आपल्याला ठाऊक नव्हती, असं ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते.

मी स्वतः रोज सकाळी हात जोडतो. का जोडतो, ते मला कुणी विचारलं नाही, मीही कधी स्वतःला विचारलं नाही. म्हणून त्या माणसाला हसता हसता मला त्याचा थोडा हेवाही वाटे.

कौसल्याबाईंचं मत मात्र पक्कं होतं. भिंतीतल्या कोनाड्यात त्यांचे देव होते. देवांना फूल वाहिल्यावर त्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसत. नवऱ्याच्या पाटीचं तुम्हाला काही वाटत नाही का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "पाटीवर काहीबी लिवू द्या. माह्या देवाले वाचता येत नाही."

पुढे त्यांना खोकला लागला. मग ताप. मोठ्या दवाखान्यात फुप्फुसांच्या रोगाचं निदान झालं. कांड्या भरणं सुटलं आणि त्या खाटेवर आल्या. पाटीवर त्या सुमारास 'नाही' होतं आणि ते हलेना. एके दिवशी त्या माझ्यासमोर नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, एक डाव माह्यासाठी मागा ना त्याले. मी मागून मागून थकली."

किसनजींनी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. "ज्याले मी मानत नाही त्याच्यापाशी कसा मागू वं? थे तं त्याले फसवनं झालं. अन् तुलेबी."

मला त्यांचा अस्सा राग आला! बाहेर गाठून मी म्हटलं, दोन हात जोडायला काय जातं तुमचं? ते आत निघून गेले. पण रोज बायकोचं डोकं दाबून देताना त्यांचं तोंड मी पाहत होतो. मागावर बसले तरी माग चालत नसे.

कौसल्याबाई त्या वर्षीची दिवाळी पाहू शकल्या नाहीत. पण त्याआधीचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा प्रसंग सांगायचा आहे.

त्या दिवशी आमच्याकडे मारबतीची मिरवणूक निघते. कागदाची आणि बांबूची प्रचंड बाई, गावाची सगळी पीडा तिच्या डोक्यावर घालायची आणि तिला गावाबाहेर नेऊन जाळायची. "रोगराई घेऊन जा गे मारबत!" असा ओरडा आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला आणि किसनजी धावत माझ्या खोलीत आले.

"भाऊ, मारबत देव हाये का?"

"देव कसली? तिला जाळतात."

"पाहा बरं. पक्कं?"

काही लोक मारबतीलाही नवस बोलतात, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "पक्कं."

"मंग तिले सांगन्यात काही खोटं नाही."

आणि ते अनवाणी गर्दीत घुसले. मी दारातून ऐकत होतो. लोकांच्या कल्लोळात एक चिरका आवाज वेगळा पडला. "आमच्या कौसल्येचा खोकला घेऊन जा गे मारबत! कौसल्येचा खोकला घेऊन जा!" तो आवाज मिरवणुकीबरोबर लांब लांब गेला.

परतले तेव्हा त्यांचा घसा पार बसला होता. मी कौसल्याबाईंना दूध द्यायला गेलो होतो. किसनजी उंबऱ्यातच थांबले.

"देवाले नाही मागितलं," ते कसेबसे म्हणाले. "तुले खोटं नाही सांगत."

"मालूम हाये. आयकू आलं मले." कौसल्याबाई भिंतीकडे पाहत होत्या. "लग्नातल्या उखान्यानंतर माहं नाव आज घेतलं तुम्ही. थेबी साऱ्या इतवारीसमोर!"

एवढं बोलून त्यांनी पदरानं तोंड झाकलं. मला वाटलं, खोकला आला. तसं नव्हतं. बाई लाजल्या होत्या.