साहेब टाकीत आहेत!

सामान पोचवण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही! सासूबाईंचं शिलाई मशीन, मेहुण्याचं काचेचं कपाट, एकदा तर माशांसकट माशांची पेटी, सगळं मी ओरखडा न पडता पोचवलंय. त्यामुळे बायकोने विचारलं, "आज साहेबांना तू घेऊन येशील?" तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "त्यात काय एवढं!"

साहेब म्हणजे कुत्रा. अग्निशामक दलातला. कोसळलेल्या इमारतींखालून जिवंत माणसं वासावरून शोधून काढायचा. साहेब जाऊन बरीच वर्षं झाली, पण जनावरांची डॉक्टर असलेल्या माझ्या बायकोने साहेबांच्या हयातीतच त्यांचं वीर्य गोठवून ठेवलं होतं. द्रवरूप नायट्रोजनमध्ये! तिथली थंडी अशी, की बर्फालासुद्धा हुडहुडी भरावी! शेवटच्या दोन बारीक नळ्या उरल्या होत्या. साहेबांना सांभाळणारे निवृत्त अधिकारी आता तशीच तरबेज कुत्री घेऊन आले होते. तिला सगळे बाईसाहेब म्हणत. तिच्या रक्ताचा अहवाल सांगत होता, गर्भ राहायचा तर आज म्हणजे आजच!

मोठ्या पशुरुग्णालयातून मी दुधाच्या कॅनएवढी टाकी घेतली आणि बायकोच्या दवाखान्याच्या इमारतीत पोचलो. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर. तिने बजावलं होतं, "लिफ्टमध्ये टाकीबरोबर बसू नकोस, गॅस साठला तर गुदमरशील. मला फोन कर, मी वर लिफ्टपाशी थांबते. मग टाकी एकटीच पाठव."

म्हटलं, कशाला तिला त्रास? टाकी लिफ्टमध्ये ठेवली, तीनचं बटण दाबलं आणि जिन्याने सुसाट सुटलो.

वर पोचलो. लिफ्ट आली. दार उघडलं. आत कोणी नाही! टाकीसुद्धा नाही!

तसाच खाली पळालो. दुसऱ्या मजल्यावर विमा कचेरीतून टाळ्यांचा आवाज येत होता. मी आत घुसलो आणि ओरडलो, "साहेब इथे आलेत का?"

"आहेत की!" शिपाई हसून म्हणाला. "त्यांचाच तर निरोप समारंभ चाललाय!"

"अहो, ते साहेब नाहीत! माझे साहेब टाकीत आहेत!"

"टाकीत?"

"हो! वारले ते, कधीच!"

टाळ्या थांबल्या. टेबलामागे हारांत बुडालेले मॅनेजर उभे होते. समोर आमची टाकी. तिचं झाकण उघडं, आणि आतून पांढरा धूर संथपणे ओघळत होता.

"लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली, आत ही टाकी. आम्हाला वाटलं, मागवलेलं आइस्क्रीम आलं," मॅनेजर चाचरत म्हणाले. त्यांच्या एका हातात चमचा होता. दुसरा हात नळ्या अडकवलेली आतली लांब दांडी वर ओढायला निघालाच होता!

"हात मागे घ्या!"

हा आवाज माझा नव्हता. दारात बायको उभी होती. माझा आरडाओरडा ऐकून ती बाईसाहेबांना अधिकाऱ्यांच्या हवाली करून धावत आली होती. ती ओरडली नाही, माझ्याकडे तर तिने पाहिलंही नाही. जाड हातमोजे घालून तिने झाकण बसवलं आणि मॅनेजरना विचारलं, "दांडी बाहेर काढली होती?"

"नाही, नुसता हात लावला. बोटं चिकटतील असं वाटलं."

"बरं झालं. खिडक्या उघडा सगळ्या."

"पण मॅडम, यात आहे तरी काय?"

"एका कुत्र्याचं वीर्य," ती शांतपणे म्हणाली. मॅनेजरच्या हातून चमचा पडला. मग तिने साहेबांनी ढिगाऱ्यातून बाहेर काढलेल्या माणसांची हकिगत सांगितली, ही त्यांची शेवटची आशा आहे हेही सांगितलं. जिथे क्षणापूर्वी खुदखुद चालली होती, तिथे सगळे खुर्च्यांवरून उठून उभे राहिले! मॅनेजरनी गळ्यातले हार काढले. "मॅडम, वरपर्यंत टाकी मी उचलू?"

टाकी जिन्याने निघाली. मागोमाग सगळी कचेरी!

वर तिने एक नळी कोमट पाण्यात सोडली आणि त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. दाराबाहेर सगळे श्वास रोखून उभे. मी पुढे सरसावून डोळा लावला. "अगं, किती आहेत! काय गोल गरगरीत आहेत!"

"ते बुडबुडे आहेत. सरक."

तिने चाक फिरवलं. अधिकारी भिंतीला टेकून डोळे मिटून उभे होते. मग ती हळूच म्हणाली, "काका, पोहतायत. भरपूर!"

अधिकारी मटकन खाली बसले आणि बाईसाहेबांच्या मानेत तोंड खुपसून हमसून हमसून रडले. जन्मभर आगीशी झुंजलेला माणूस! आणि माझी बायको त्या गदारोळातही सिरिंज भरून पुढच्या कामाला लागली. मी तिच्याकडे नुसता बघत राहिलो. वर्षानुवर्षं संसार केला, पण आपल्या घरात एवढं मोठं माणूस राहतं, हे तेव्हा कळलं.

दोन महिन्यांनी पाच पिल्लं झाली. एक तर डोळे उघडायच्या आधीच सगळ्यांचे बूट हुंगत सुटलंय!

आता दुसऱ्या एका कुत्र्याच्या नळ्या आणायच्या आहेत. मी कालच म्हणालो, "मी जाऊ का?"

"नको," बायको म्हणाली. "मॅनेजरकाका जाणार आहेत. निवृत्तीनंतर वेळच वेळ आहे त्यांना."

म्हणजे बघा! जो माणूस चमचा घेऊन उभा होता, त्याच्यावर तिचा माझ्यापेक्षा जास्त भरवसा! आणि खरं सांगू? माझाही आहे.