फुरंगटीच्या टोपीचा रंग

चहा सांडला तेव्हा सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. संपादकांना वेळ इतकी नेमकी आठवत होती, कारण त्याच क्षणी त्यांनी घड्याळाकडे पाहून "चार वाजायला अजून पुष्कळ अवकाश आहे," असं स्वतःला सांगितलं होतं आणि समाधानाने कप उचलला होता. समाधान आणि कप एकाच वेळी उचलू नये, हे त्यांना छप्पन्न वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

चहा फार नव्हता, जेमतेम दोन घोट. टेबलावर एवढी रद्दी पसरली होती की चहाला पडायला कुठेही मोकळीक होती. पण तो पडला 'फुरंगटी चेटकीण' या पुस्तकाच्या कव्हरावर आणि कव्हरावरही नेमका फुरंगटीच्या टोकदार टोपीवर. संपादकांनी टेबल पुसायचं फडकं पाण्यात बुडवून चटकन टोपी पुसली. चहा निघाला. चहाबरोबर टोपीचा रंगही निघाला.

फडकं उचललं तेव्हा खराट्यावर बसलेली फुरंगटी जागेवर होती, तिचे फुगवलेले गाल होते, मागचं निळं आभाळ होतं. डोक्यावरची टोपी तेवढी पांढरीफटक झाली होती. तिच्यापेक्षा थोडे अधिक पांढरे संपादक स्वतः झाले होते.

फुरंगटीची पाच पुस्तकं पंचेचाळीसेक वर्षांपूर्वी निघाली होती. ही छोटी चेटकीण जरा मनाविरुद्ध झालं की गाल फुगवून बसायची, आणि फुगलेल्या गालांनी मंत्र म्हटला की तो भलत्यालाच लागायचा. एका अख्ख्या पिढीने ती पुस्तकं इतक्या प्रेमाने वाचली की एकही प्रत धड राहिली नाही. धड होता तो कार्यालयातला हा एकच संच. लेखिकाबाईंनी (चित्रंही त्यांचीच) वीस वर्षं पुन्हा छापायला नकार दिला होता. आता त्या कबूल झाल्या होत्या, पण एका अटीवर: एक रेघ हलवायची नाही, एक रंग बदलायचा नाही. आज चार वाजता त्या येऊन जुन्या प्रती स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होत्या आणि मगच करारावर सही करणार होत्या. तोवर पुस्तकाला कुठलंही मशीन लावायचं नाही, हीही त्यांचीच ताकीद.

आणि सही झाली नाही, तर बालविभागाला कुलूप, असं मालकांनी सोमवारी सांगून टाकलं होतं. बालविभाग म्हणजे तीन माणसं. संपादक, कंप्युटरवर पानं लावणाऱ्या ताई आणि प्रुफं तपासणारे नाना.

संपादकांनी आधी आतली पानं उलटली. आत सगळी चित्रं काळ्या रेघांची. रंग फक्त कव्हराला. मग उरलेली चार पुस्तकं काढली. तिथे टोपीच नव्हती. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी फुरंगटी आपली टोपी एका घुबडिणीला घरट्यासाठी देऊन टाकते आणि पुढे चारही पुस्तकं बोडक्याने हिंडते. लहानपणी हा प्रसंग वाचून संपादकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आताही आलं.

मग त्यांनी फडकं उजेडात धरलं. पण त्या फडक्याने गेली दोन वर्षं शिक्क्यांची शाई, गळकी पेनं आणि नानांच्या लाल दुरुस्त्या पुसल्या होत्या. त्यात रंग नव्हता असा रंगच नव्हता.

"आठव," संपादक स्वतःला म्हणाले. हे पुस्तक दोन महिने त्यांच्या टेबलावर होतं. पण रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू माणूस बघतच नाही. घरातल्या पडद्यांचा रंग विचारला असता तरी त्यांची अशीच पाचावर धारण बसली असती.

त्यांनी पुस्तकावर एक फाइल ठेवली आणि शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "ताई, फुरंगटीच्या टोपीचा रंग काय हो?"

"जांभळा," ताई स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाल्या.

"नक्की?"

"झोपेतून उठवून विचारा. जांभळा."

"हिरवा," पलीकडून नाना म्हणाले. नाना कधी मध्ये बोलत नसत. पण चूक कानावर पडली की त्यांना राहवत नसे. "गर्द हिरवा. शेवाळासारखा."

"शेवाळ तुमच्या डोळ्यांवर आलंय नाना. जांभळा!"

"ताई, मी चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढतोय."

"म्हणूनच स्वतःच्या बघायला वेळ मिळाला नाही!"

"पण बघा ना, पुस्तक तुमच्यासमोरच आहे," असं म्हणत नानांनी फाइल उचलली.

नाना खाली बसले. ताईंनी पुस्तक हातात घेतलं, टोपीकडे पाहिलं, मग संपादकांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"आणि तुम्हाला तरी आठवतोय का?" ताईंनी विचारलं.

"आठवत असता तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?"

संपादकांनी घरी फोन लावला. त्यांची बायको फुरंगटीची जुनी भक्त होती.

"पिवळी," बायको म्हणाली. "हळदीसारखी पिवळी. मी तशी टोपी शिवून मागितली होती आईकडे, जेवले नव्हते दोन वेळा. का हो? काय केलंत?"

"काही नाही."

"तुमचं 'काही नाही' मला माहितीये. काय सांडलंत?"

संपादकांनी फोन ठेवला.

पुढची चूक ताईंनी केली, पण ती करताना तिघांनाही ती शहाणपणाची वाटली. त्यांनी शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर विचारलं: फुरंगटीच्या टोपीचा रंग कुणाला आठवतो? अर्ध्या तासात सेहेचाळीस उत्तरं आली आणि त्यांत नऊ रंग होते. दोघींनी एकमेकींना 'तू तेव्हापासूनच खोटारडी' असं सुनावलं. एकीने ग्रुप सोडला. एकीच्या मते टोपीवर चांदण्याही होत्या.

"जांभळ्याला अकरा," ताईंनी मोजून जाहीर केलं. "सगळ्यात जास्त."

"रंग काय मतांनी ठरतो?" नाना म्हणाले.

"मग कशाने ठरतो? तुमच्या शेवाळाने?"

सव्वा वाजला होता. संपादकांपुढे दोन वाटा होत्या. बाईंना खरं सांगून विभाग बुडवायचा किंवा खोटं रंगवून तरंगत ठेवायचा. त्यांनी दुसरी धरली. बुडणाऱ्याला काडीचा आधार असतो म्हणतात. इथे ब्रश होता.

कोपऱ्यावरच्या रंगांच्या दुकानात दुकानदाराने त्यांच्यासमोर सात बाटल्या मांडल्या. "जांभळा कोणता हवा? वांग्याचा, द्राक्षाचा, का मुका मार लागल्यावर येतो तो?"

"चेटकिणीच्या टोपीचा," संपादकांच्या तोंडून निघून गेलं.

"फुरंगटीच्या?" दुकानदाराचा चेहरा उजळला. "अहो, मग जांभळा कशाला नेताय? ती निळी होती! माझ्याकडे होतं ते पुस्तक."

"वांग्याचा द्या," संपादक घाईने म्हणाले.

"घ्या बापडे. पण जपून हां. एकदा लागला की जन्मात जात नाही. गॅरंटी."

ताईंचा हात स्थिर होता. त्यांनी श्वास रोखून टोपी रंगवली, नानांनी प्रूफ तपासावं तसं भिंग लावून कड तपासली, आणि संपादक एका पुठ्ठ्याने वारा घालत राहिले. काम सुरेख झालं होतं. तिघांनी पुस्तकाकडे पाहून सुस्कारा सोडला. तेवढ्यात दारात मालक उभे राहिले.

"काय चाललंय?" मालक म्हणाले. "मला बहिणीचा फोन. म्हणते, तुझ्या लोकांना फुरंगटीच्या टोपीचा रंग माहीत नाही आणि पुस्तक छापायला निघालेत. काय प्रकार आहे?"

ताईंची नजर जमिनीला खिळली. मालकांची बहीण त्यांच्याच वर्गात होती.

"तसं काही नाही साहेब," संपादक म्हणाले. "लोकांच्या आठवणी गोळा करत होतो. जाहिरातीला उपयोगी."

मालकांनी पुस्तक उचललं. टोपीकडे पाहून त्यांचा चेहरा जो विचित्र झाला, त्याचा अर्थ संपादकांना लागेना. राग असता तर ओळखू आला असता. त्याची सवय होती.

"ही... लाल होती ना?" मालक हळूच म्हणाले.

"जांभळी, साहेब. पहिल्यापासून." एका खोट्याला टेकू द्यायला दुसरं लागतं, हे संपादकांना ठाऊक होतं; दुसरं इतक्या सहज निघेल हे ठाऊक नव्हतं.

आता मालक आवाज चढवतील म्हणून तिघं अंग चोरून उभे राहिले. पण मालकांनी फक्त रुमालाने कपाळ पुसलं. "असेल," ते म्हणाले. "असेल बुवा." दारापर्यंत गेले आणि परत आले. "बाईंना पुस्तक दाखवायलाच हवं का? नुसती सही नाही का करणार?"

"अट त्यांचीच आहे."

"हो. हो. अट आहे खरी." मालक जायचे थांबले ते तिथेच एका स्टुलावर बसून राहिले, आणि चारपर्यंत घड्याळाकडे बघत राहिले.

बाई चारला दोन मिनिटं कमी असताना आल्या. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेली, ऐंशी ओलांडलेली, काठीच्या आकाराची बाई. हातातली काठी त्यांच्यापेक्षा जाड वाटावी. त्या बसल्या, चष्मा बदलला आणि पाचही पुस्तकं मागितली. शेवटून सुरुवात केली. पाचवं पाहिलं, चौथं पाहिलं, तिसऱ्यावर थोडं हसल्या. संपादकांना वाटलं, सुटलो. मग त्यांनी पहिलं उचललं.

त्यांनी कव्हर नाकाजवळ नेलं. वास घेतला. अंगठा ओला करून टोपीवरून फिरवला. रंग जन्मात जाणार नव्हता. दुकानदार खरं बोलला होता.

"टोपी कोणी रंगवली?" बाईंनी विचारलं. हा प्रश्न आवाज न चढवता विचारायची कला फक्त शाळेत येते.

"मी!" ताई आणि संपादक एकदमच म्हणाले. नानांनीही तोंड उघडलं होतं, मग मिटलं.

"ताईंचा नुसता हात," संपादक म्हणाले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि ते न थांबता बोलत सुटले. चहा, फडकं, अकरा मतं, वांग्याचा जांभळा, सगळं. "चूक माझी आहे बाई. सही करू नका हवं तर. पण या दोघांना काही बोलू नका."

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "फडक्याने पुसलंत तेव्हा खालून काय निघालं?"

"पांढरं."

"मग बरोबर निघालं. छापली तशीच होती ती. कोरी."

संपादकांना आपण नीट ऐकलं की नाही कळेना.

"हिचे रंग ठरवायला मी बसले होते याच्या वडिलांसमोर," बाईंनी काठी मालकांकडे रोखली. "सगळे ठरले, टोपीचा ठरेना. मी म्हणे नारिंगी, ते म्हणत काळी. आठ दिवस भांडलो. तिकडे छापखाना थांबला होता. शेवटी ते चिडून म्हणाले, राहू दे मग कोरी! तशीच गेली. पुढे घराघरातून पोरांची पत्रं यायला लागली, आम्ही टोपी रंगवली म्हणून. ज्याच्या हाताला जो रंग लागला तो. मला तर ती चूकच फार आवडली." मग त्या थांबल्या. "पण कार्यालयाच्या प्रतीवर रंग कुठून आला? या प्रतीला तर पोरांचा हात लागत नव्हता."

खोलीत कुणाला उत्तर माहीत नव्हतं. एकाला होतं.

"लागला होता," मालक स्टुलावरून उठत म्हणाले. पन्नाशीचा माणूस हात पाठीमागे बांधून उभा राहिला. "मी सात वर्षांचा होतो बाई. बाबांच्या कपाटातून काढलं. लाल स्केचपेन होतं."

"आणि वडिलांना कळलं नाही?"

"कळलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, 'अरे, शेवटी लाल ठरली होती का?' मी हो म्हटलं."

नानांना हसू आलं. ते त्यांनी खोकल्यात बुडवलं.

"आता हा जांभळा कसा काढायचा?" बाईंनी विचारलं. "मला ती कोरी हवी. अट म्हणजे अट."

"स्कॅन करायची परवानगी द्या," ताई म्हणाल्या. त्यांनी पुस्तक मशीनवर ठेवलं, स्क्रीनवर टोपी मोठी केली आणि दोनदा बटण दाबलं. टोपी पांढरी झाली.

"एवढंच?" संपादकांचा आवाज चिरकला.

"एवढंच. सकाळी तुम्ही ती कोरीच राहू दिली असती तर एवढंही लागलं नसतं."

बाईंनी सही केली. विभाग वाचला. जाता जाता त्यांनी स्क्रीनकडे एकदा वळून पाहिलं आणि "नारिंगी खरंच छान दिसली असती," असं पुटपुटल्या. पण मालकांनी तोवर लिफ्ट बोलावली होती.

पुस्तक दोन महिन्यांनी निघालं आणि तडाखेबंद खपलं. पहिल्याच आठवड्यात एकशे बारा तक्रारी आल्या. टोपीचा रंग छापायचा राहिला आहे, प्रत बदलून द्या. आमच्या बालपणाशी खेळू नका, टोपी निळी होती. मी स्वतः पाहिलं आहे, हिरवी होती. पिवळी होती, हळदीसारखी (हे पत्र संपादकांच्याच घरच्या पत्त्यावरून आलं होतं). मालक घाबरले. वकिलाला विचारावं का, म्हणाले.

"माझ्यावर सोडा साहेब," संपादक म्हणाले.

त्यांनी एकशे बारा लोकांना स्वतःच्या हाताने एकाच ओळीचं पत्र लिहिलं: 'तुमचं बरोबर आहे, चूक आमची आहे.' त्यानंतर एकानेही पुन्हा तक्रार केली नाही. मालकांनी तोंडात बोट घातलं, नानांना त्या ओळीत दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही, आणि ताईंनी ही युक्ती सुचली कशी असं विचारलं. संपादकांना ती सुचली नव्हती. ते वाक्य ते अठ्ठावीस वर्षं रोज घरी वापरत होते; कार्यालयात त्याचा उपयोग पहिल्यांदाच झाला होता.